अक्कांचा हप्ता

मराठवाड्यात ज्या ज्या संस्था निघाल्या, त्या आमच्या साडूंना सभासद करून घेण्यासाठीच निघाल्या, असं माझं ठाम मत आहे. तेव्हा दुष्काळ होता, परंड्याला पाणी नव्हतं, पण संस्थांचा पूर होता. दारात म्हैस नसताना साडू दूध संस्थेचे सभासद. अंड्याच्या वासानं उलटी व्हायची, तरी कुक्कुटपालनाचे सभासद. मच्छीमार संस्थेत तर संचालकच होणार होते, पण तळ्यातला शेवटचा मासा तहानेनं मेला आणि निवडणूक राहिली. पावती फाडली की साडूंच्या तोंडावर हळद लागल्यासारखं तेज यायचं. त्यांच्या संस्थांच्या गोष्टी ऐकून ऐकून मी दमून गेलो होतो.

साडूंची नोकरी एसटी स्टँडवर कंट्रोलरची. जन्मभर लोकांना कुर्डुवाडीच्या गाडीत कोंबलं, स्वतः कधी बसले नाहीत. शिट्टी मात्र घरीसुद्धा गळ्यात. जेवण झालं की एक वाजवायचे, मग अक्का ताट उचलायच्या.

अक्का म्हणजे माझी थोरली मेहुणी. विहीर गावाबाहेर, रोज पाच खेपा. चुंबळीखाली केस उगवायचे थांबले होते. एकदा घागर उतरवून त्या उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "एक हप्ता, नुसता एक हप्ता, घागरीला हात न लावता बसावं वाटतंय बगा." आमच्याकडे आठवड्याला हप्ता म्हणतात. साडू काही बोलले नाहीत. हे इतकं नवल होतं की मी घाबरलो.

पुढं महिन्याभरात सफारी घातलेला एक गृहस्थ स्टँडवर उतरला. त्याचीही एक संस्थाच: घाटमाथ्यावर थंड हवेच्या ठिकाणी सभासदांसाठी बंगला, दुसऱ्या मजल्यावरसुद्धा नळाला पाणी. साडूंनी सायकल विकली, अक्कांनी आपण होऊन पाटल्या काढून दिल्या. सर्टिफिकेट आलं, त्यावर छापलेलं, 'सभासदास दरवर्षी एक हप्ता, तहहयात.' साडूंनी ते देवांशेजारी टांगलं.

वैशाखात आम्ही निघालो. ट्रंक उचलायला मी. चार गाड्या बदलल्या, तिसऱ्या गाडीत अक्का झोपेतच डोक्यावरची घागर सावरत होत्या. वर पोचलो तर धुकं, एक पाटी, गुडघाभर उंचीचा पाया आणि एक म्हातारा वॉचमन.

त्यानं सर्टिफिकेट वाचून विचारलं, "हप्ता आणलाय का?"

"आणलाय म्हंजे?" साडू म्हणाले. "घ्यायला आलोय की."

मग बराच वेळ दोघं हप्ता-हप्ता म्हणत एकमेकांकडं बघत राहिले. शेवटी म्हाताऱ्यानं समजावलं. दरवर्षी एक हप्ता भरायचा, मरेपर्यंत. खोली सगळे हप्ते फिटल्यावर.

"म्हंजे मेल्यावर?"

"तसंच लिवलंय," तो म्हणाला. त्यालाही सहा महिने पगार नव्हता.

साडू बंगल्याच्या पायावर बसले. शिट्टी हातात धरून नुसती फिरवत होते. अक्कांनी म्हाताऱ्याकडून तांब्या मागून घेतला, झऱ्याचं पाणी घोट घोट प्याल्या. "थंड हाय की," म्हणाल्या. "चला, गाडी चुकंल." एवढंच. परतीच्या वाटेवर साडू एकाही संस्थेचं नाव निघू देईनात.

परंड्याला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी अक्का उठल्या तर घागर जागेवर नाही. विहिरीकडून शिट्टी ऐकू आली. खाकी कपड्यात, खांद्यावर घागर, बायकांना 'बाजूला व्हा' म्हणून शिट्ट्या मारत साडू येत होते. अर्धं पाणी पाठीवर. बायका पदरात तोंड लपवून हसत होत्या. साडू म्हणाले, "सभासद हाय ती. हप्ता चालू हाय."

सात दिवस अक्का उंबऱ्यावर बसून होत्या. मग दर वैशाखात सात दिवस, साडू होते तोवर. बंगल्याचा हप्ता मात्र त्यांनी कधी भरला नाही.

आता दारात नळ आलाय. साडूंना जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या वैशाखात गेलो तेव्हा नळ नुकताच सुटला होता, घागर पालथी, अक्का उंबऱ्यावर. मला राहवेना. मी घागरीकडं हात नेला.

"बसा पाव्हणं," अक्का म्हणाल्या. "हप्ता चालू हाय. तुमी सभासद न्हाय."

मी बसलो. नळ वाहिला, बारीक झाला, गेला. आम्ही दोघं बसून राहिलो.