धोंड्याच्या वाणातले बूट

लग्नाला अकरा वर्षं झाली तरी मी सासऱ्यांना एकदाही मागे टाकू शकलो नव्हतो. कुणाला हे वाक्य अलंकारिक वाटेल म्हणून स्पष्ट सांगतो, पळण्यात. सासरे फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले, साताऱ्याला घरी आले आणि दुसऱ्याच पहाटेपासून यवतेश्वरचा घाट पळत चढायला लागले. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, अंगात बनियन, बास. मी सांगलीचा, सरकारी कचेरीतला कारकून. आमच्या सांगलीत चढ म्हणजे कृष्णेवरचा पूल. तिथे मी रोज सकाळी हौसेने पळायचो आणि स्वतःला पळणारा समजायचो. सासुरवाडीला गेलो की हा समज घाटाच्या दुसऱ्या वळणापर्यंत टिकायचा.

मी धापा टाकत वर पोचायचो तेव्हा सासरे देवळाच्या पायरीवर आरामात बसलेले असायचे. "आलासा? या, बसा," म्हणायचे. त्या 'या, बसा'चा मला मनस्वी राग यायचा. पंगतीला उशिरा आलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं! एकदा, आयुष्यात एकदाच, आपण त्या पायरीवर आधी बसावं आणि त्यांना 'या, बसा' म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. बायको म्हणायची, "त्यांचं वय बासष्ट, तुमचं अडतीस. लाज कशी वाटत नाही?" वाटायची ना. म्हणून तर पळत होतो.

नव्वदीच्या शेवटीशेवटी एक अधिक महिना आला. अधिकात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खायला घालायचे आणि वाण द्यायचं ही आपली रीत. तेहतीस अनारसे, त्यावर दिवा आणि ऐपतीप्रमाणे एखादी वस्तू. मला आजवर चांदीचं निरांजन, चांदीची वाटी आणि तांब्याचा तांब्या मिळाला होता. त्या वर्षी अनारशांच्या ताटाशेजारी पुठ्ठ्याचा खोका होता. सासऱ्यांनी तो स्वतःच उघडला. आत शेंदरी रंगाचे बूट.

"शर्यतीचं हायती," ते म्हणाले. "पुण्याच्या भाच्याकडनं मागवलं. आता तुमची सबब चालायची न्हाई, पावणं."

बूट हातात घेतला तर हाताला काही लागेना. खोका त्याहून जड होता. दोन बोटांनी वाकवला तर पोळीसारखा दुमडला. संध्याकाळी मैदानावर जाऊन पळून बघितलं आणि खरं सांगतो, पहिल्या तीन फेऱ्या मी वीस वर्षांचा होतो. पाय उचलावा लागतच नव्हता, आपोआप वर यायचा. चौथ्या फेरीला गुडघ्याला खरं वय आठवलं. तळ इतका पातळ की मैदानातला एकेक खडा स्वतःची ओळख करून देत होता, आणि दुसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा धरल्या की मी जिना उलटा उतरलो. तरी मी खूश होतो. बूट काही पळत नाहीत, पळतो तो आपला दम. पण हे बूट निदान त्याच्या आड येत नव्हते. सोमवारी पहाटे घाट, असं ठरवून रविवारी दुपारी मी धोंड्यांच्या गुंगीत झोपलो.

तिथेच घात झाला. सासूबाईंच्या घरी एक नियम होता. कुठलंही नवं पायताण चांभाराकडे जाऊन तळाला टायर मारून आल्याशिवाय वापरायचं नाही. कोल्हापुरी वहाणा असोत, पोरांचे शाळेचे बूट असोत, टायर आणि खिळे ठोकल्याशिवाय त्यांना पाय लावायचा नाही. सोमवारी पहाटे मी उंबऱ्यापाशी आलो तर माझे शेंदरी बूट ट्रकच्या टायरवर उभे होते. चांगला बोटभर जाड तळ. टाचेला चकचकीत खिळे.

"लय पातळ तळ हुता, पावणं. पापडागत," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "एका पावसाळ्यात गेलं असतं. चांभार न्हाईच म्हनत हुता, म्या दोन तास म्होरं बसून करून घेतलं."

मी सासऱ्यांकडे बघितलं. सीमेवर तोफांसमोर उभा राहिलेला तो माणूस भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. "मजबूत झाल्यात," ते म्हणाले. वाणाला नावं ठेवायची नसतात. त्यातून त्या बाईने उन्हात दोन तास काढलेले. मी मुकाट्याने नाड्या बांधल्या.

मग टाक् टाक् टाक् करत मी घाटाला लागलो. समोरून येणारा दूधवाला टांगा येतोय समजून सायकल घेऊन कडेला झाला. एका वळणातच मांड्या भरून आल्या. सासरे कधीच पुढे दिसेनासे झाले होते. मी मनातल्या मनात चांभाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत तिसरं वळण घेतलं, आणि बघतो तर सासरे कठड्यावर बसलेले. चेहरा पांढरा, हात छातीवर.

मी घाबरून थांबलो. ते हसले. "काय न्हाई. दम लागलाय. बसलं की जातोय."

"डॉक्टरांना दाखवलंत का?"

"चार म्हयन्यामागं दावलं. पळू नगा म्हनला. तुमी घरात बोलू नगा." चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. "म्हनलं, पावण्यांस्नी चांगलं बूट द्यावं. एकदा हरवशीला मला, मग सोडीन. हारल्याबिगर कसं सोडायचं? आन् हिनं टायर मारून ठेवला बगा."

दोघंही हसलो. मी त्यांना घेऊन खाली जायला निघालो तर म्हणाले, "आता मी ठीक हाय. तुमी वर जावा. हुकूम हाय."

मी गेलो. उरलेला चढ त्या किलोकिलोच्या बुटांनी कसा चढलो मला आठवत नाही. देवळाच्या पायरीला हात लावला, बसलो नाही, आणि तसाच खाली पळालो. ते कठड्यावर नीट बसलेले दिसले तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

घरी आल्यावर सासऱ्यांनी दारातूनच जाहीर केलं, "आज पावण्यांनी हरवलं मला. आता माजं पळणं बंद."

सासूबाई चहा गाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "टायर मारला म्हनून. त्या पापडावर कुटलं हरवत हुते!"

सासरे मोठ्याने हसले. अकरा वर्षं मागितलेलं मिळालं होतं आणि मला रडू येत होतं. मी चहा घेऊन परसात गेलो.

दुसऱ्या पहाटे त्यांनी मला हाक मारली. पायात कॅनव्हासचे बूट होतेच. "चला, चालत जाऊ," म्हणाले. आम्ही पहिल्यांदाच शेजारी शेजारी घाट चढलो, वाटेत चिकार गप्पा मारल्या आणि तिसऱ्या वळणावर न बोलता थांबलो. पुढे जेव्हा जेव्हा साताऱ्याला गेलो तेव्हा तसेच चालत गेलो. चालायला माझे ते टायरचे बूट फार उत्तम निघाले. सासरे त्यानंतर सहा वर्षं होते. तळ अजून शाबूत आहे.