पिलासाठी मुलाखत

लातूर जिल्हा झाला आणि नांदेडच्या दैनिकाने बातमीदार म्हणून मला तिथे पाठवले. बाजाराजवळ, शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या घरी माडीवर दोन खोल्या मिळाल्या. सगळी गल्ली त्यांना खाला म्हणायची. त्या वर्षी पाऊस नव्हता. अडतीत धान्य येईना, तेव्हा तिथले उंदीर आसपासच्या घरांत शिरले. बायको शाळेत शिकवायची. सहामाहीचे पेपर तिने तपासायला घरी आणले आणि सकाळी भूगोलाचा गठ्ठा कुरतडलेला निघाला.

"मांजर आणा. नाहीतर पेपर घेऊन मी दिवाळीला नांदेडला आईकडे जाते," ती म्हणाली.

पेठेतल्या एका किराणा दुकानात मांजर व्यायली होती. आम्ही विचारले तेव्हा दुकानदाराने आत बोट दाखवले. "ते खातं अक्काचं." अक्का म्हणजे त्यांची आई.

पोत्यावर तीन पिले होती. त्यातल्या तांबूस पिलाने माझ्या चपलेचा पट्टा धरला तो सोडेना. बायको म्हणाली, "हेच." अक्कांनी ते उचलून मांडीवर घेतले आणि विचारायला सुरुवात केली.

"पाणी कुठलं?"

"टँकरचं."

"दूध?"

"चहापुरतं घेतो."

"म्हंजे हिलाबी चहाच पाजणार. दुपारी घरी कोण असतंय?"

पुढाऱ्यांना प्रश्न विचारायची सवय होती. उत्तरे द्यायची नव्हती. दोघेही कामावर असतो, हे शेवटी सांगावे लागले.

"मग न्हाई जमत. कुलपात ठेवायला ती काय ट्रंक हाय?"

रिकाम्या हातांनी परतलो. बायकोने बॅग काढली. आवाज ऐकून खाला वर आल्या, हकीकत ऐकली आणि म्हणाल्या, "मला आधी सांगायचं की, बेटा. तिची पोलकी मीच शिवते. चला."

अक्कांनी त्यांना पाहून भुवया उंचावल्या. "तुझ्या घरी मटण शिजतंय. आमची दूधभाकरीवर वाढलीय."

"शिजतंय. पण हिच्यासाठी उरलं तर पायजे ना."

अक्का हसल्या. "दुपारी बोलशील का तिच्याशी?"

"दिवसभर मशीनशी बोलून राहिले मी. ही निदान मान तरी वर करंल."

अक्कांनी पिलाला दूध पाजले. परतीची वाट दिसू नये म्हणून पिशवीत घालून तोंड सैलसर बांधले आणि पिशवी खालांच्या हातात दिली. आमच्याकडे पाहिलेही नाही.

घरी आल्यावर पिलाला माडीवर सोडले. त्याने दोन्ही खोल्या हुंगल्या, कपाटामागे डोकावून पाहिले. तेवढ्यात खाली शिलाई मशीन सुरू झाले आणि पिलू एकेक पायरी उतरत तिकडे गेले. परत आणले, परत गेले.

बायको काही नांदेडला गेली नाही. गठ्ठे घेऊन ती खालांच्या घरी बसली आणि दिवाळीभर तिथेच पेपर तपासत राहिली. फराळही तिथेच व्हायचा. माडीवर उंदीर होते आणि मी होतो.