चोरलेल्या दुपारची वाकळ

सुई हातात आली की बाईचं तोंड सुटतं, असं आमचे मास्तर म्हणायचे. खरंच आहे ते! तीन बाया, एक दोऱ्याचा डबा आणि दुपारचे दोन तास, एवढ्यावर आम्ही तुळजापुरात जितके किस्से गोळा केले तितके कोर्टातल्या वकिलांनीही केले नसतील. दोऱ्याची टोकं कापून डब्यात टाकत राहावं आणि एक दिवस झाकणच लागेनासं व्हावं, तसं झालंय माझं. म्हणून म्हटलं, आज थोडा डबा रिकामा करावा.

हल्लीच्या मुली म्हणतात, छंदासाठी वेळ काढावा लागतो. बाई गं, आम्ही वेळ काढत नव्हतो, चोरत होतो!

आम्ही तिघी. एक मी, मास्तरांची बायको. दुसरी पारूबाई, गल्लीच्या टोकाला राहायची, शेत गावाबाहेर, हात असा की वाकळीचा टाका ज्वारीच्या दाण्याएवढा पडायचा. तिसरी कमल, माझ्या शेजारची सून. वय एकोणीस-वीस. माहेर नळदुर्गचं. आई दोन वर्षांपूर्वी गेलेली, धाकटी बहीण लग्नाची. आईची चार सुती लुगडी कमलनं मागून आणली होती आणि त्यांची एक वाकळ शिवायला घेतली होती, बहिणीच्या लग्नात द्यायला. वाकळीवर नळदुर्गचा किल्ला, नदी, दारातली चिंच, सगळं माहेर टाक्यांनी भरायचं. "बहीण लांब चाललीय, पार बिदरकडं," ती म्हणायची. "आई नाही तर नाही, आईचं लुगडं तरी तिच्या अंगावर असू दे."

पण कमलला वेळ कुठला! सासरे अण्णा भिक्षुकी करणारे, त्यांचं सगळं सोवळ्यातलं. आणि सासू म्हणजे आमच्या काकी. काकींच्या घरात रिकामे हात दिसले की त्या हातात लगेच काहीतरी यायचं. कधी सूप, कधी पाटा-वरवंटा, कधी अण्णांचं धोतर!

*

आधी आमच्या वह्यांचं सांगते.

निजामाचं राज्य गेलं, शाळा उर्दूची मराठी झाली आणि जुन्या अंमलातली कोरी हजेरीबुकं कपाटात पडून राहिली. वर उर्दूत छापलेलं, उघडायची उजवीकडून. आता कोण वापरणार? हेडमास्तरांना विचारून यांनी तीन बुकं घरी आणली, आमच्या तिघींना एकेक. पानभर नुसत्या चौकटी! फुलीचा टाका उतरवायला याहून झकास कागद कुठला? आम्ही त्यात नक्षी काढायचो, दोऱ्याचे तुकडे चिकटवायचो, पिंपळाची जाळीदार पानं ठेवायचो. पारूबाईचं माहेर तेरखेड्याचं, फटाके करणाऱ्यांचं गाव ते. तिचा भाऊ फटाक्यांचे रंगीत कागद आणून द्यायचा, तेही खळ लावून चिकटवायचो. कडेला दोन ओळी लिहायच्या. "आज निळा दोरा संपला. काकी रुसल्या. भाजी खारट."

मी हौसेनं माझ्या वहीला आणि मास्तरांच्या शाळेतल्या बुकाला एकाच निळ्या कागदाची कव्हरं घातली. व्हायचं तेच झालं. एके दिवशी हे माझी वही घेऊन शाळेत गेले आणि नेमके त्याच दिवशी डिप्टीसाहेब तपासणीला!

साहेबांनी बुक उघडलं. पानभर फुल्या.

"मास्तर, सगळा वर्ग गैरहजर?"

साहेबांनी बुक जरा लांब धरलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "आणि गैरहजर राहतात तेही मोराच्या आकारात?"

मास्तर घरी आले ते न जेवता झोपले. दुसऱ्या दिवशी शेरेबुक बघितलं तर साहेबांनी लिहिलं होतं, "हजेरी सुबक आहे." आणि जाताना शिपायाकडून त्या मोराची नक्कलही मागून नेली होती, मंडळींसाठी!

*

पारूबाईचा वेळ शेतावर जायचा. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायला तीच शेतातल्या उंच माळ्यावर. तिनं काय करावं? पत्र्याच्या रिकाम्या डब्याला दोरी बांधली आणि दोरीचं टोक आपल्या पायाच्या अंगठ्याला. हातानं वाकळ शिवायची, पायानं डबा वाजवायचा! नवरा सगळ्या गावाला सांगत फिरायचा, "आमची पारू लई इमानदार. दिसभर डबा थांबत न्हाय."

एकदा भर दुपारी नवरा भाकरी मागायला माळ्याखाली आला. पारूबाई घाईनं उठली तर वाकळही उठली! शिवता शिवता बाईनं स्वतःचा पदरच वाकळीत घेतला होता. आता काय करणार? घेतली सगळी वाकळ अंगाभोवती आणि उतरली खाली. वर ऊन असं की दगड तापलेले.

"अगं, हे काय?" नवरा म्हणाला.

"थंडी वाजतीया," पारूबाई म्हणाली. दुसरं काय म्हणणार बिचारी!

नवरा घाबरला. हिवताप समजून तिला गाडीत घालून घरी आणलं, वैद्याकडून काढा आणला, तीन दिवस खाटेवरून उठू दिलं नाही. स्वतः भाकरी थापल्या. तिसऱ्या दिवशी पारूबाई वाकळ पुरी करूनच उठली.

"काढा लई कडू व्हता," ती आम्हाला म्हणाली, "पर दिस ग्वाड गेले!"

*

पारूबाईचं बघून मलाही अक्कल सुचली. मी व्रत धरलं. गुरुवारी दुपारचं जेवण झाल्यापासून दिवेलागणीपर्यंत मौन! मौनातल्या बाईला कोण काम सांगणार? सांगितलंच तर "कुठं ठेवलंय?" असं तिनं विचारायचं कसं?

पहिले तीन गुरुवार काय सुंदर गेले म्हणून सांगू. एक अख्खी वेल भरून झाली. चौथ्या गुरुवारी मास्तर माझ्यासमोर येऊन बसले. चेहरा असा शांत, असा तृप्त. मला वाटलं, चोरी पकडली.

"अगं," ते हळूच म्हणाले, "हे व्रत रोज नाही का ठेवता येणार?"

मी तिथंच मौन सोडलं. पुढं अर्धा तास काय काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही.

*

एकदा महिला मंडळाच्या बाई आल्या. पांढरी साडी, खांद्याला पिशवी, फार चांगल्या होत्या बिचाऱ्या. चावडीत शिलाई मशीन मांडून दाखवलं. आम्ही सगळ्या पदर सावरून बसलो.

"बघा, हातानं जी गोधडी महिनाभर चालते ती यावर एका दिवसात होते!"

बाया "अगं बाई!" करून हसल्या. पारूबाई मात्र विचारात पडली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आन मग बाकीचा म्हैनाभर घरच्यास्नी काय सांगून बसायचं?"



*

आता कमल.

त्या काळी आमच्यासारख्या घरांत बाई महिन्याचे चार दिवस बाजूला बसायची. पडवीच्या कोपऱ्यात तरट, वेगळं ताट-तांब्या. तिनं कशाला हात लावायचा नाही आणि तिला कुणी हात लावायचा नाही. तिच्या हातात काही द्यायचं झालं तरी खाली ठेवायचं, मग तिनं उचलायचं. बाकीच्या बाया त्या दिवसांना वैतागायच्या. कमल वाट बघायची! चार दिवस ना चूल, ना सूप, ना पाटा. नुसती सुई. वाकळ सुती, नंतर धुतली की झालं. ती पुढं सरकायची ती त्याच चार दिवसांत.

पण वहीचं काय? काकींनी आक्षेप काढला, "कापड धुता येतं. वही कशी धुणार?"

अण्णांना विचारलं. "कागद झाडापासून होतो," ते म्हणाले, "आणि झाडाला विटाळ नाही. पण शाईचं मला बघावं लागेल."

अण्णांचं बघून होईपर्यंत काकींना कुठला दम! त्यांनी तांब्या घेतला आणि पाचव्या दिवशी वहीवर सपासप पाणी शिंपडलं. नेमकं किल्ल्याच्या पानावर. कमलनं ते चित्र निळ्या शाईनं काढलं होतं. किल्ला छान जमला होता, पण त्याच्या बंधाऱ्यावरून पावसाळ्यात पाणी कोसळतं ना, ते काही केल्या जमत नव्हतं. चार वेळा काढलं, चार वेळा खोडलं. शाई फुटली आणि खाली ओघळली. कमल रडवेली होऊन बघत राहिली, मग वही डोळ्यांजवळ नेली आणि ओरडलीच, "मास्तरीणबाई, पाणी आलं! अगदी तसंच!"

काकींना यातलं काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, "मग? पाणी लागलं की सगळं नीट होतं, मी तेच म्हणत होते."

पण वाकून त्यांनी ते पान बराच वेळ पाहिलं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

*

लग्न वैशाखात ठरलं. कमलचे चैत्रातले चार दिवस येऊन गेले आणि वाकळ निम्मीच झाली. किल्ला झाला, नदी झाली, चिंच राहिली, चारी काठ राहिले. नऊ दिवसांनी तिचा भाऊ तिला माहेरी न्यायला येणार. पोरगी माझ्या ओट्यावर बसून हमसून हमसून रडली. "आता नाही व्हायची," म्हणाली. "बहिणीला मी शब्द दिलाय हो."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मग बस की पुन्हा बाजूला! कोण मोजतंय?"

काकी मोजत होत्या. कमल बाजूला बसली की अण्णांचा सोवळ्यातला सगळा स्वयंपाक एकट्या काकींवर पडायचा, म्हणून स्वयंपाकघराच्या दारामागं त्या दर खेपेला कोळशानं रेघ ओढायच्या आणि दिवसाला एक ठिपका द्यायच्या. हे मला काय माहीत?

कमल बसली. काकींनी दारामागं जाऊन बघितलं. ठिपके बाराच. चूल पेटवली, स्वयंपाक केला, आणि दुपारी सरळ माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मास्तरीणबाई, ती वाकळ कुणाची?"

काकींपुढं खोटं बोलायची माझी काय छाती! सांगून टाकलं सगळं. आईची लुगडी, बहीण, बिदर, नऊ दिवस. काकींनी ऐकून घेतलं आणि तशाच गेल्या. मला रात्री अन्न गोड लागलं नाही. माझ्या चावटपणापायी पोरीचं घरात काय होईल, याच धाकात मी सकाळ होताच आमच्या मधल्या बुटक्या भिंतीवरून डोकावत उभी राहिले.

अण्णा संध्या आटोपून पाटावर बसले होते. काकी अंगणात आल्या.

"कमल, ऊठ. न्हाऊन घे आणि स्वयंपाकाला लाग."

"अगं, कालच तर ती बसली," अण्णा म्हणाले.

"झालं तिचं."

कमल उठली. वाकळ तरटावर तशीच पडली होती, सुई टोचलेली. ती न्हाऊन आत गेली आणि पीठ मळायला बसली. रडत होती, ते भिंतीपलीकडून मला ऐकू येत होतं. मला तर तोंड लपवायला जागा राहिली नाही. चांगला सल्ला दिला होता मी!

काकींनी हात पुसले. पदर खोचला. पडवीत आल्या आणि त्या कोपऱ्यातल्या तरटावर जाऊन चांगली मांडी घालून बसल्या. वाकळ मांडीवर ओढून घेतली, एक काठ उलटा करून बघितला. "टाके किती लांब टाकते ही पोरगी," स्वतःशीच म्हणाल्या. "हिच्या हातानं भाऊ येईपर्यंत कशाची होतेय!"

अण्णांच्या हातातली पळी तशीच राहिली. काकींनी साठी ओलांडली होती. लेकीकडच्या थोरल्या नातवाची मुंज होऊन गेलेली!

"अगं," अण्णा कसेबसे म्हणाले, "हे काय? या वयात?"

"तुमचं पंचांग बघा. मला काय विचारता?"

अण्णांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि उपरणं घेऊन मुकाट देवळाकडं चालू लागले.

कमल पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी होती. काकींनी दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं, सुईच्या नेढ्याशी दोन-तीनदा नेलं, जमेना. मान वर न करताच त्या म्हणाल्या, "हात धू आणि एवढी सुई ओवून दे. डोळ्यांना दिसत नाही मेलं."

कमल हात धुऊन धावत आली. सुई ओवली, आणि देण्यासाठी हात पुढं केला.

"अगं अगं, हातात काय देतेस? खाली ठेव!" काकी केवढ्यांदा ओरडल्या. "दिसत नाही का, बाजूला बसलेय मी!"