नाताळचा आगंतुक

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मिळून आमच्या हिच्या मामांइतका निर्लज्ज पाहुणा आजवर झाला नाही, आणि पुढं होईल असं वाटत नाही. मामा पिंपळीचे. साखर कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाले आणि आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एकट्यादुकट्या माणसांच्या घरी न सांगता जाऊन जेवायचं, हा त्यांनी उद्योगच मांडला. नाताळ जवळ आला की मामी बिचाऱ्या करंज्या-चकल्यांचे डबे भरायच्या आणि मामा ते डबे तसेच टाकून, डोक्याला मफलर गुंडाळून, लुनावरून दुसऱ्याच्या दारात. तेही हात हलवत! "रिकाम्या हातानं कसं जाववतं हो तुम्हाला?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पाव्हणं, कायतरी घिऊन गेलं की माणूस नुसतं 'बसा' म्हनतं. भूक लागलीया म्हनलं की उठून चूल पेटवतं."

बरं, मिळेल ते मुकाट्यानं खावं, तर तेही नाही. डाळजच्या एक आक्का होत्या. नवरा गेल्यापासून त्यांनी उपासनेला येणं सोडलं होतं, बोलणंही सोडलं होतं. पाळकसाहेब जाऊन प्रार्थना करून आले, पण आक्कांच्या तोंडून 'आमेन'सुद्धा निघालं नाही. मग मामा गेले. मीही बरोबर होतो. मामांनी भाकरी-कालवण मागून घेतलं, पहिला घास तोंडात टाकला आणि म्हणाले, "आक्का, ह्यो रस्सा हाय का आंघुळीचं पानी? मालकानं कसं काढलं वो इतकं दिस?" मला कुठं तोंड लपवावं कळेना. पण आक्का उसळल्या! मामांच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला, नवऱ्याला हाच रस्सा किती आवडायचा ते सांगितलं, सांगता सांगता ढसाढसा रडल्या, आणि शेवटी "उद्या या, मग दावते रस्सा कशाला म्हनत्यात ते," असा दम भरला. मामा दुसऱ्या दिवशी गेले. त्या रविवारी आक्का चर्चमध्ये हजर झाल्या, त्या मामांची तक्रार करायलाच.

आमच्या कमिटीचे सेक्रेटरी मात्र या प्रकाराला विटले होते. नीटनेटका माणूस, शर्टाच्या खिशाला पेन, बोलण्यात 'नियोजन'. एकट्या माणसांची काळजी शिस्तीत घ्यायची असं त्यांनी ठरवलं. बारामतीत हॉल घेतला, भला मोठा फ्लेक्स लावला, 'एकाकी व निराधार बांधवांसाठी नाताळ स्नेहमेळावा', आणि नेमक्या त्या फ्लेक्सखाली त्याच बांधवांना प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ओळीनं बसवलं. प्रमुख पाहुणे येईपर्यंत दुपार कलली. मग ब्लँकेटं वाटली. आक्का पदरानं तोंड झाकून बसल्या, तर सेक्रेटरी म्हणाले, "आक्का, पदर जरा खाली घ्या, फोटोत दिसत नाही." ख्रिस्तानं शेजाऱ्यावर प्रेम करा म्हटलं होतं, फोटोचं काही म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. मामा मागं उभे होते. "ही काळजी न्हाय, ही हजेरी हाय," असं मोठ्यानं म्हणाले आणि निघून गेले. मेळावा उत्तम झाला, असा कमिटीनं ठराव केला.

यंदा पावसाळ्यात मामी गेल्या. त्यानंतर मामांची लुना कुठंच निघेना. आक्काही तोवर लेकीकडं पुण्याला राहायला गेल्या होत्या. मी मामांना म्हटलं, "मामा, कन्हेरीला जाऊन या की कुणाकडं तरी." तर जमिनीकडं बघत म्हणाले, "घरात डबं भरल्यालं हुतं तवा मागून खाण्यात मजा हुती पाव्हणं. आता गेलो तर म्हनतील, म्हातारा उपाशी हाय."

या नाताळात कमिटीनं हॉलऐवजी घरोघर जायचं ठरवलं. जीप माझी होती, म्हणून मीही होतो. पिंपळीला मामांच्या दारात पोचलो तर घरात चटई अंथरलेली, कपबश्या मांडलेल्या, आणि परातीत करंज्या. मामांनी स्वतः तळलेल्या; निम्म्या फुटलेल्या, सारण बाहेर आलेलं. मंडळी येणार म्हणून बसले होते. "बसा, बसा! च्या टाकलाय," असं म्हणत त्यांची धांदल उडाली. सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं. "नको मामा, अजून पुष्कळ घरं राहिलीत. हे घ्या ब्लँकेट. जरा हात जोडा, फोटो काढू." 

मला वाटलं, आता मामा फाडून खाणार याला. मामांनी हात जोडले. "लई उपकार झालं," म्हणाले.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. जीपची किल्ली सेक्रेटरींच्या हातात कोंबली आणि "तुम्ही जा तुमच्या राहिलेल्या घरांना," म्हणालो. ते आपले गोंधळले. "अहो, मामांसाठीच तर आलो होतो," म्हणत गेले. मी चटईवर बसलो आणि करंजी उचलली. मामांना कसं पेटवायचं हे मला मामांनीच शिकवलं होतं. एक घास खाऊन मी तोंड वाकडं केलं, "मामा, ही करंजी हाय का वीट? मामी असत्या तर परातीसकट बाहेर फेकली असती."

मी वाट पाहत राहिलो. मामा माझ्यासमोर टेकले, चहाचा कप माझ्याकडं सरकवला आणि अगदी हळू म्हणाले, "व्हय, बिघडल्यात खऱ्या. पर तुमी खाल्ली, लई झालं."

मी आणखी एक करंजी घेतली. मामा जीपचा आवाज गेला त्या बाजूला बघत बसले होते.