शकुमावशीचा गडगडाट

आमच्या कॉलनीत कोणालाही विचारा, राखीच्या तोंडी लागू नये म्हणतील. मी ब्लाउज शिवते आणि शिवता शिवता बोलते. दोन्हीकडची कात्री धारदार आहे. उगाच कोणाचं कौतुक करणाऱ्यांतली मी नाही. पण शकुमावशीचं नाव निघालं की माझी मान ताठ होते. नाशिकरोडला एवढी पक्की चाहती दुसरी सापडायची नाही, आणि ती माझी शेजारीण आहे.

शकुमावशी म्हणजे शकुबाई. महापालिकेच्या शाळेत आया होती, आता रिटायर झाली. ती एका रॉक बँडच्या मागे गावोगाव फिरते. हो, रॉक बँडच म्हणाले मी. ‘गडगडाट’ नाव त्याचं. आपल्याच नाशिकची पोरं. गिटार, ड्रम, आणि गाणी बाबासाहेबांची, झाडू मारणाऱ्या आईची, कारखान्यातून काढलेल्या बापाची. अश्विन नावाचा पोरगा गातो. एप्रिल लागला की यांची गाडी येवला, मनमाड, नांदगाव करत सुटते, आणि मावशी एसटीनं मागोमाग. डब्यात भाकरी-ठेचा आणि अंगात काळा ब्लाउज. बँडच्या टी-शर्टचा मीच शिवून दिलाय तो. पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘गडगडाट’. पदर अशा बेतानं घेते की नाव झाकलं जायला नको.

लोक हसायचे. या वयात हे काय खूळ, म्हणायचे. मीही एकदा विचारलं, “मावशी, एवढं काय आवडतं गं तुला त्यात?”

ती म्हणाली, “राखी, डाव्या कानानं मला ऐकू येत नाही, उजव्यानं अर्धंमुर्धं. तुझे काका गेल्यापासून घरात आवाजच नाही. येवल्याला पहिल्यांदा या पोरांना ऐकलं, स्पीकरला चिकटून उभी होते. अगं, गाणं पोटात वाजलं माझ्या. एक शब्द सुटला नाही.”

 मी परत मशीन चालवायला घेतली.

यंदा जयंतीची मीटिंग होती. आमच्या उत्सव समितीत सगळे बाप्ये. बायकांनी चहा करायचा आणि दाराशी उभं राहून ऐकायचं. दरवर्षी वाल्मीकबाबांच्या ओळखीची गायन पार्टी ठरलेली. वाल्मीकबाबा समितीतले सगळ्यांत मोठे. तरुणपणी जलशांत ढोलकी वाजवायचे, अजूनही गाण्यातला त्यांचा शब्द शेवटचा. तर मावशी चहाचा ट्रे खाली ठेवून सरळ म्हणाली, “यंदा गडगडाटला बोलवा.”

सगळे हसले. एक जण म्हणाला, “आणि कार्यक्रम पडला तर?”

“जबाबदारी माझी. पडला तर या समितीपुढे मी परत तोंड उघडणार नाही.”

मी दाराशी कपाळाला हात लावला. कॉलनीच्या नळाचं, विहाराच्या दिव्यांचं, पोरींच्या अभ्यासिकेचं, बायकांचं जे काही बोलायचं ते हीच एकटी बोलते. तिनंच तोंड शिवून घ्यायचं म्हटल्यावर आमचं कोण बोलणार? पण वाल्मीकबाबांनी मान डोलावली आणि ठरलं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपार कलताना बँडची गाडी विहारासमोर लागली. मावशी माझ्याकडे पोरांसाठी भाकऱ्या थापत होती, मी वांगी परतत होते. ढोलाचा आवाज येत होता, पण बाहेर काय चाललंय ते आम्हाला कसं कळणार? गाडी आली म्हणजे कार्यक्रम सुरू झाला, असं समजून सगळी कॉलनी नवीन लुगडी-साड्या नेसून खुर्च्यांवर जाऊन बसली. आणि स्टेजवर काय, तर ड्रमवाला एकच ढोल बडवतोय, बडवतोय, बडवतोय. मग दुसरा. अश्विन माइकवर “चेक, चेक” म्हणतोय. एक गाणं सुरू केलं, दोन ओळींत तोडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तोडलं. वाल्मीकबाबा उठले. “यांना गाणंच येत नाही,” म्हणाले आणि घरी गेले. ते गेल्यावर बाकीचे कशाला बसतात? सगळी कॉलनी पांगली.

खऱ्या वेळेला आम्ही डबे घेऊन गेलो तर खुर्च्या मोकळ्या. अश्विन स्टेजच्या पायरीवर बसला होता. “शकुआई, आमचं काही चुकलं का?” म्हणाला. मावशीचा चेहरा उतरला. तिला असं मी काका गेले तेव्हाच पाहिलं होतं. पण शेजारच्या पानवाल्यानं घडलेलं सांगितलं आणि मावशीनं पदर खोचला. मी मागोमाग.

वाल्मीकबाबा ओट्यावर बसले होते. मावशीनं जय भीम केला आणि लगेच विषयाला हात घातला.

“भाऊ, का उठून आलात?”

“अगं, अर्धा तास एकच ढोल बडवत होता तो. चार ओळी धड येईनात. आम्ही जन्म काढला गाण्यात.”

“तुम्ही जलशाआधी ढोलकीच्या दोऱ्या ओढत बसायचात. कान लावायचा, ठोकायची, परत ओढायची. आम्ही पोरी समोर बसून पेंगायचो. पण उठून गेलो का कधी?”

बाबांची नजर स्वतःच्या बोटांवर गेली.

“ती पोरं वाद्यं लावत होती, भाऊ. कार्यक्रम अजून व्हायचाय.”

 बाबा चपला शोधायला लागले. “आम्हाला आधी सांगायचं ना,” एवढंच पुटपुटले. आणि मग हा म्हातारा गल्लीभर दारं वाजवत सुटला. “चला रे, ते नुसतं वाद्य लावणं होतं. मलाच कळलं नाही, तुम्हाला काय कळणार.”

वंदना झाली आणि पहिलं गाणं असं सुटलं की माझ्या घरातली भांडी हलली असतील. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. दुसऱ्या गाण्याला हात खाली आले. झाडू मारणाऱ्या आईचं गाणं लागलं तेव्हा बायका डोळे पुसत होत्या, आणि वाल्मीकबाबांची बोटं मांडीवर ढोलकी वाजवत होती. मावशी स्पीकरपाशी, पाठीवर तिचा गडगडाट, आणि तिच्याभोवती आमच्या सगळ्या पोरी नाचत होत्या. मला काय वाटलं सांगू? वाटलं, ही बाई माझ्या भिंतीला भिंत लावून राहते, यापेक्षा मोठेपणा मला नको.

दोन दिवसांनी समितीचा मयूर निरोप घेऊन आला. “शकुमावशी, बाबांनी सांगितलंय, आजपासून तुम्ही समितीत. रविवारी मीटिंग आहे. आत खुर्चीवर बसायचं, चहा आमचा आम्ही करू.”

मी हातातला ब्लाउज खाली ठेवला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला बोलू. या कॉलनीत माझा जन्म गेला, असा निरोप कुठल्या बाईला आला नव्हता.

मावशीनं उजवा कान पुढे केला. “कधी म्हणालास?”

“रविवारी.”

“रविवारी नाही जमायचं. नांदगावला गडगडाट आहे. सोमवारी ठेवा म्हणावं.”

मयूर डोकं खाजवत गेला. मीटिंग सोमवारी झाली.