ठोकळ्यावरची पगडी

माझी धाकटी बहीण कुसुम आणि तिचे यजमान वामनराव आमच्याकडे बऱ्हाणपुरास राहायला आले, ते अठ्ठेचाळीसच्या आषाढात. सामान म्हणाल तर दोन वळकट्या, भांड्यांचं एक पोतं आणि एक शिसवी पेटी. पेटी इतकी जड की टांगेवाल्याने शिव्या घालतच ती उतरवली. मला वाटलं, संस्थानातली चाकरी, थोडी चांदीबिंदी असेल. उघडली तर आत डोकी. लाकडाची, नाक-डोळे नसलेली, नुसती कपाळापासून वरची. मी म्हटलं, "कुसुम, सासरची मंडळी पेटीत घालून आणलीस की काय?" ती हसली नाही. हसण्यावारी नेण्यासारखं प्रकरण नव्हतंच ते.

वामनराव माळव्यातल्या एका लहानशा संस्थानात पगडबंद होते. राजाची आणि दरबारातल्या मानकऱ्यांची पगडी बांधणं, एवढंच काम. प्रत्येक मानकऱ्याच्या डोक्याच्या मापाचा एकेक लाकडी ठोकळा असायचा. त्यावर तलम कापडाचे पीळ चढवायचे, टाके घालायचे आणि तयार पगडी तबकात ठेवून पाठवायची. वामनरावांच्या वडिलांनी तेच केलं, आज्यानेही तेच. मग संस्थान विलीन झालं, दरबार उठला, आणि नव्या अधिकाऱ्याने पगडीखाना रिकामा करायला सांगितलं. ठोकळे बंबात जाणार होते, ते वामनरावांनी मागून घेतले.

बऱ्हाणपूर म्हणजे कापडाचं गाव. माग आहेत, जरीवाले आहेत, मिल आहे. कापडाच्या माणसाला इथे उपास पडायचा नाही, असं आमचे हे, म्हणजे विनायक मास्तर, छातीठोक सांगत होते. पण कापड विणणारा, रंगवणारा, विकणारा वेगळा आणि पगडी बांधणारा वेगळा. वामनराव जरीवाल्यांच्या पेढ्यांवर जाऊन आले. एका शेठजींनी खुंटीवरची आपल्या वडलांची पगडी दाखवली आणि म्हणाले, "ये अब कौन पहनता है, भाई?" त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर पांढरी टोपी. गावभर पांढऱ्या टोप्याच. स्वराज्य आलं होतं. ते आलं याचा आम्हाला आनंदच होता, पण आमच्या मागच्या खोलीतल्या माणसाची भाकर त्याने नेली, हेही खरं.

ह्यांनी मिलमध्ये शब्द टाकला. घडी खात्यात जागा होती, ठाणांच्या घड्या घालायच्या. वामनराव म्हणाले, "मास्तर, मी पगडबंद आहे." आवाज चढवला नाही, पण पुढे बोलायची सोयही ठेवली नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, वामनरावांचा तर धंदाच पिळाचा. मी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरातच आपटली.

खरे हाल झाले ते कुसुमचे. बहिणीचं घर झालं तरी चूल दुसऱ्याची. ती माझ्याआधी उठायची, पाणी भरायची, ताटात भाजी कमी वाढून घ्यायची, आणि मी रागावले की म्हणायची, "अक्का, भूक नाही गं." शेवटी तिने नवऱ्याला निक्षून सांगितलं, कार्तिकापर्यंत तुमच्या हातांना काम मिळालं तर ठीक, नाहीतर मिल. वामनरावांनी मान डोलावली. तेव्हापासून ते रोज सकाळी पीळ घालून दाखवायला धुतलेलं उपरणं घेऊन बाहेर पडायचे आणि दुपारी ते तसंच, घडीदेखील न मोडता परत यायचं.

कार्तिक लागला आणि निंबोल्याहून चुडामण आला. ह्यांचा जुना विद्यार्थी, बापाच्या केळीच्या मळ्यात राबणारा. बाप, उखर्डू पाटील, नुकताच वारला होता. तेराव्याला थोरल्या मुलाच्या डोक्यावर पगडी बांधायची त्यांच्याकडे रीत आहे. चुडामण म्हणाला, "गुरुजी, आमच्यात आता सब टोपीवाले. पगडी बांधता येईन असा कोनीच नाही राह्यला. तुमच्याकडे राजवाड्यातले कोनी आले म्हनतात." वामनरावांचा चेहरा त्या दिवशी मी पाहिला. चार महिन्यांत पहिल्यांदा त्या माणसाने मागून भात घेतला. त्यांनी दोरीने चुडामणच्या डोक्याचं माप घेतलं, त्याच्या जवळपासचा ठोकळा काढला, कमी होतं तिथे चिंध्या गुंडाळल्या आणि कामाला बसले. पांढऱ्या शुभ्र कापडाची अशी पगडी उतरली की आमचे हेसुद्धा तिच्याभोवती फिरून ती पाहत राहिले. कुसुम माझ्या कानाशी म्हणाली, "एका गावाने बोलावलं की दहा गावं बोलावतात, नाही का अक्का?"

तेराव्याला आम्ही चौघंही बैलगाडीने निंबोल्याला गेलो. अंगणात माणसं बसलेली, मध्ये पाटावर चुडामण, मुंडण केलेलं डोकं खाली घालून. त्याची आई मालूबाई दारातल्या बायकांत. वामनरावांनी फडक्यातून पगडी काढली तेव्हा अंगणभर कुजबुज झाली. मग चुडामणचा मामा सुकलाल उठला. म्हातारा इच्छापूरहून आला होता. त्याच्या हातावर कोऱ्या कापडाची पट्टी, आणि त्याच्यामागे तीन सोयरे, प्रत्येकाच्या हातात आपापली पट्टी.

"हे तं तुम्ही बांधूनच आनली," सुकलाल म्हणाला. "मंग आम्ही अठी काय करावं?"

"तुम्ही फक्त डोक्यावर ठेवायची," वामनराव म्हणाले.

"ठेवायची ती टोपी, भाऊ. पगडी बांधा लागते. माह्या बहिनीच्या घरचा मानूस गेला. तिच्या पोराच्या डोक्याले चार घरचे हात लागले पाह्यजे. पहिला वेढा मामाचा, मंग सोयऱ्यांचा." म्हातारा रागात नव्हता, समजावूनच सांगत होता. "आम्हाले वेढा धरता येत नाही म्हनून तं तुम्हाले बोलावलं. तुम्ही धरा, आम्ही देतो."

वामनराव जागचे हलेनात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढा राजवाड्याचा कारागीर, आणि पट्टी हातात घ्यायला काय होतं? तेवढ्यात कुसुमने माझा दंड घट्ट धरला आणि म्हणाली, "अक्का, यांनी माणसाच्या डोक्यावर कधी बांधलीच नाही गं. राजाच्या मस्तकाला चाकराचा हात लागायचा नाही, असा तिथला रिवाज. जन्मभर लाकडावर बांधली."

शेवटी त्यांनी आपली पगडी परत फडक्यात ठेवली आणि सुकलालच्या हातातली पट्टी घेतली. पहिला वेढा घातला तो सरळ चुडामणच्या कानावर घसरला. ठोकळा हलत नाही, त्याला घाम येत नाही. दुसऱ्यांदा घातला, पीळ फार आवळला, तोही सुटला. अंगणात कुणी हसलं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. तिसऱ्यांदा सुकलालने पट्टीचं टोक भाच्याच्या कपाळाशी धरलं, आणि मामाचा हात लागताच इतका वेळ दगडासारखा बसलेला चुडामण हुंदके द्यायला लागला. डोकं गदागदा हलू लागलं. वामनरावांनी नकळत डावा तळहात त्याच्या टाळूवर ठेवला. पोराचं रडं ओसरेपर्यंत तसाच ठेवला. मग उजव्या हाताने, पीळबीळ न घालता, सैल सैल वेढे दिले. मामाचा, मग एकेका सोयऱ्याचा. शेवटचं टोक खोचलं.

पगडी काही चांगली झाली नव्हती. एका अंगाला कललेली, बाजाराच्या गाठोड्यासारखी. सुकलालने ती वरून दाबून पाहिली आणि म्हणाला, "बसली." मालूबाईने पदर तोंडाला लावला. जेवणं झाल्यावर चुडामण बिदागीचं विचारायला आला, तर वामनरावांनी त्याला हात जोडले. दुखवट्याच्या पगडीचे पैसे कुणी घेत नाही, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

परतताना गाडीत, बरंच अंतर गेल्यावर वामनराव मला म्हणाले, "मालतीताई, माणसाचं डोकं ऊन असतं." मला त्यांचा राग यायला हवा होता. चार महिने माझ्या बहिणीला अर्धपोटी ठेवलं होतं त्यांनी. पण मला त्यांची इतकी माया आली की मी तोंड फिरवून केळीच्या बागा बघत बसले.

घरी पोचल्यावर हे म्हणाले, "मग, श्रीगणेशा झाला म्हणायचा! आता गावोगाव बोलावणी येतील."

"नाही, मास्तर," वामनराव म्हणाले. "ते काम मामाचं आहे, त्याचा धंदा नाही करायचा. माझं काम ज्यांचं होतं ते संपले. उद्या मला मिलमध्ये घेऊन चला."

हे एक वाक्य ऐकायला कुसुम चार महिने आसुसली होती. ते ऐकलं आणि ती मागच्या खोलीत जाऊन ओक्साबोक्शी रडली.

दुसऱ्या दिवशी मिलच्या फाटकाशी काय झालं ते मला ह्यांनी सांगितलं. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "पहले क्या करते थे?" ह्यांनी तोंड उघडलं होतं, संस्थान, दरबार, तीन पिढ्या, सगळं सांगायला. वामनरावांनी ह्यांचा हात दाबला आणि स्वतःच म्हणाले, "कपड़े का काम, साहब." कारकुनाने तेवढंच लिहून घेतलं.