पिन धरणारी

दुसरा शनिवार होता. अमृतच्या बँकेला सुट्टी, त्यामुळे सावेडीतल्या त्या फ्लॅटमध्ये सगळंच जरा सावकाश चाललं होतं. गॅसच्या एका बाजूला दूध, दुसऱ्या बाजूला तवा आणि एंजेलाच्या तोंडात 'लग्नघर'.

लग्नघर हे तिनं एका धुनेला दिलेलं नाव. धून म्हणाल तर गेमची. टीव्हीला जोडायचा पांढरा खोका, त्यात वरून खोचायची पिवळी कॅसेट, वायरीनं लोंबणारे दोन रिमोट, त्या गेमची. तीन-तीनच्या ठेक्यात हेलकावे घेत जाते. भाकरी थापायला तर अशी बसते, की हात कधी फिरला आणि भाकरी कधी मोठी झाली ते कळत नाही.

"आज कुणाचं लग्न?" अमृतनं पेपरमधून मान वर न काढता विचारलं.

"तुमच्या मेव्हण्याचं. दुसरं."

"बापरे. अजून राग गेला नाही वाटतं."

एंजेलानं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. तेवढ्यात दारावर थापा पडल्या. दाराला बेल आहे, चांगली वाजतेही. तरी दार बडवणारा माणूस तिच्या माहितीत एकच.

"आला की तुझा नवरदेव," अमृत हसत उठला.

दारात खरंच तिचा भाऊ रॉबिन. पुण्याहून पहाटे निघालेला, टी-शर्टखाली पोट सुटलेलं, काखेत रेक्झिनची पिशवी. मागं मोनिकावहिनी, हातात केकचा डबा.

"जय ख्रिस्त, दाजी! एंजू, तुझा तो डबडा टीव्ही आहे ना अजून? का दिलास भंगारात?"

ना कशी आहेस, ना काय चाललंय. टीव्ही आहे का! एंजेला पिठाचे हात तसेच धरून उभी राहिली. त्या पिशवीत काय असणार ते तिला टीव्हीचं नाव निघताक्षणी कळलं होतं.

"आहे," ती म्हणाली. "भाकरी खाणार का आधी?"

तो खोका घरात आला तेव्हा ती चौथीत होती आणि रॉबिन सातवीत. भिंगारला, डेपोच्या मागच्या क्वार्टर्समध्ये. वडील, म्हणजे आबा, डेपोत रात्रीचे पहारेकरी. रॉबिनला स्कॉलरशिप मिळाली म्हणून मामानं कापड बाजारातून हा खोका आणला. त्याच वर्षी एंजेला वर्गात पहिली आली होती. तिला मामानं कंपासपेटी आणली. कंपासपेटी चांगली होती, त्याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. पण कंपासपेटी काही गात नाही.

घरातला टीव्ही आबांनी जुनाच घेतलेला. मागं खोक्याची पिन जिथं लावायची तिथं ती सैल बसायची. धरून ठेवली तर चित्र, सोडली की नुसत्या मुंग्या. कुणीतरी पिन धरणं भाग होतं. एक रिमोट रॉबिनच्या हातात, दुसरा शेजारच्या डॅनीच्या. उरली कोण?

"एंजू, तेवढी पिन धर गं. ही एवढी लाइफ गेली की तुझी पाळी."

ती टीव्हीच्या मागं, भिंत आणि ट्रंकेच्या मधल्या सांदीत जाऊन बसायची. टीव्हीची पाठ गरम लागायची. धुळीचा करपल्यासारखा वास यायचा. दुपारी आबा झोपलेले असत म्हणून आवाज अगदी बारीक. समोर बसलेल्या पोरांना तो जेमतेम पोचायचा, त्यांना त्याचं काही नव्हतंही. पण स्पीकर होता एंजेलाच्या बाजूला. गाल टेकवला की त्या बारक्या आवाजातलं सगळं कानात उतरायचं: वर नाचणारा सूर, त्याच्याखाली त्याला चिडवत जाणारा दुसरा आणि सगळ्यात खाली ढुम ढुम करणारा जाडा.

पडद्यावर काय चाललंय ते तिला कधी दिसलंच नाही. मग तिनं आपली नावं ठेवली. एक धून सावध पावलं टाकत खाली खाली जायची, ते 'तळघर'. एक नुसती धावत सुटायची, ती 'मिरवणूक'. आणि हेलकावे घेणारी ती लग्नघर. एंजेलाला वाटे, पडद्यावर आत्ता मांडव असेल, झालरी असतील, बायका हात धरून फिरत असतील.

तिची पाळी काही आली नाही. लाइफ संपायच्या, पण तोवर आबा जागे झालेले असायचे. नाहीतर अ‍ॅडॉप्टर तापलेला असायचा. बाकी काही नसलं की डॅनीची पाळी निघायची.

हे सगळं लहानपणीचं, सोडून देता आलं असतं. पण मोनिकावहिनी लग्न होऊन आली, आणि तिसऱ्या दिवशी, अंगाची हळद धड गेलेली नाही अशा नव्या नवरीच्या हातात रॉबिननं दुसरा रिमोट दिला. "घे गं, सोपं असतं." हिरवा चुडा भरलेले ते हात, त्यात रिमोट. आणि पिन? "एंजू, जरा..."

तेव्हा एंजेला कॉलेजात होती, म्युझिक घेऊन बी.ए. करत होती. तरी ती त्या सांदीत जाऊन बसली. राग करावा तर नवी वहिनी काय म्हणेल, आणि दुसरं म्हणजे, खोटं कशाला बोला, त्या धुनांना तिथूनच गाल टेकवता येत होता.

आता गेल्या महिन्याची गोष्ट. रॉबिन पुण्यात जुने गेम आवडणाऱ्यांच्या कुठल्याशा ग्रुपमध्ये आहे. त्यात त्यानं आपल्या आवडत्या गेमसंगीतावर एक लांबलचक व्हॉइस मेसेज टाकला. लोकांना तो फार आवडला. मोनिकानं कौतुकानं तो एंजेलालाही पाठवला, वर लिहिलं, 'आमचे हे किती हळवे आहेत, मला आजच कळलं.'

एंजेला लसूण सोलत ऐकत होती. रॉबिन छान बोलत होता. बोलतो तो छानच. आणि मध्येच म्हणाला, "ती पाण्याखालची धून लागली ना मित्रांनो, की मला नेहमी वाटायचं, हे लग्नघर आहे. झालरी लागल्यात, बायका हात धरून फिरतायत..."

हातातली पाकळी तशीच राहिली. पाण्याखाली काय आहे ते ज्याला रोज दिसत होतं, त्याला मांडव कशाला वाटेल? त्याला मासे दिसत होते! मांडव तिला दिसत होता, कारण तिला दुसरं काहीच दिसत नव्हतं. हे तिनंच त्याला एकदा सांगितलं होतं, तापात पडला होता तेव्हा, करमणूक म्हणून. खोका घेतला, रिमोट घेतला, ठीक. आता झालरीसुद्धा?

"तो विसरला असेल गं, कुणाचं काय ते," अमृत म्हणाला होता.

"तेच तर. त्याला विसरायलाही माझंच लागतं."

मात्र एक गोष्ट अजून रॉबिनची झाली नव्हती. ती तशी एंजेलाचीही झाली नव्हती.

कॅसेट खोचली, बटण दाबलं की आधी गेमांची यादी यायची आणि यादीबरोबर एक धून. यादीची स्वतःची. संथ, जराशी उदास. कुणी संध्याकाळी अंगणात उभं राहून कुणाला तरी हाक मारावी तशी. ती सुरू व्हायची, चार पावलं जायची, पाचवं उचलायची आणि टक्! रॉबिननं स्टार्ट दाबलेलं असायचं. त्याला यादीत काय रस? हजारदा ती धून सुरू झाली असेल, एकदाही पाचवं पाऊल खाली टेकलं नाही.

बाकीच्या सगळ्या धुना एंजेलाला पुढं मोबाईलवर मिळाल्या. लग्नघरात मांडव नसून माशांचे थवे आहेत हेही तेव्हाच पाहिलं, आणि तिनं नाव काही बदललं नाही. पण यादीची धून कुठं सापडली नाही. गेम मोठ्या कंपन्यांचे. यादी मात्र कॅसेट भरणाऱ्या कुणा तिऱ्हाईत माणसानं केलेली. त्याच्या धुनेची नोंद कोण ठेवणार?

शेवटी पुढचं तिनं स्वतःच रचलं. चर्चमध्ये ती की-बोर्ड वाजवते. अर्पणाची थैली फिरते तेव्हा मागं काहीतरी मंद लागतं, तिथं तिनं ती धून बसवली. कित्येक वर्षं झाली. आता मंडळी ती मिशनच्या काळातली समजतात. छबूबाई तर, नव्वदीला टेकलेल्या, परवा तिचा हात धरून म्हणाल्या, "बाई, ह्यी मडमेच्या टायमाची हाय. माज्या लग्नात वाजली हुती, मला याद हाय ना." एंजेलानं नुसता त्यांचा हात दाबला. म्हातारीच्या लग्नातून धून काढून घ्यायची तरी कशी?

नाताळात रॉबिन आला होता. थैली फिरत असताना तो मागून कानाशी येऊन खिदळला, "काय गं, माझी कॅसेट वाजवतेस होय चर्चमध्ये?"

माझी!

आता तीच कॅसेट तिच्याच हॉलमध्ये सतरंजीवर होती. भिंगारच्या घरून आणलेला तो जुना टीव्ही तिच्या की-बोर्डच्या टेबलाखाली वर्षानुवर्षं पडलेला. 'हा काय स्वर्गात न्यायचाय का' म्हणून अमृत दर दिवाळीला विचारायचा. आज त्यानं आणि रॉबिननं मिळून तो बाहेर ओढला. पुण्याच्या नव्या टीव्हीला ही वायर जातच नाही, म्हणून ही स्वारी.

"एक छोटा व्हिडिओ काढायचा," रॉबिन कॅसेटमध्ये फुंकर मारत म्हणाला. "ग्रुपवाले मागे लागलेत. ते पाण्याखालचं दाखवतो आणि बंद. दुरुस्तीवाला म्हणाला, खोका आता शेवटच्या घटका मोजतोय, अ‍ॅडॉप्टरही लगेच तापतो. मग काचेच्या पेटीत ठेवून देणार, शो म्हणून."

"हॉलमध्ये जागासुद्धा केलीये," मोनिका म्हणाली. "तुम्ही याच बघायला, एंजूताई."

बघायला. एंजेलानं चहाचे कप ठेवले. एक कप जरा आपटलाच.

अमृतनं तिच्याकडं पाहिलं. "रॉबिनदादा, हिलापण खेळू द्या की एकदा."

"अहो, तिला कुठं आवडायचं! ती आपली मागं बसून असायची. काय गं?"

एंजेलाला हसू आलं, ते बरं नव्हतं. रॉबिनच्या आठवणीत ती सांदीत आवडीनं जाऊन बसली होती. वाईट म्हणजे, ते अगदीच खोटं नव्हतं.

रॉबिन समोर मांडी घालून बसला. शेजारी मोनिका, मोबाईल उभा धरून. दुसरा रिमोट सवयीनं तिच्या मांडीवर. बटण दाबलं. पडद्यावर मुंग्या. टीव्हीच्या कडेला थोपटून झालं. वायर हलवून झाली. क्षणभर यादी दिसली, परत मुंग्या.

"एंजू," रॉबिन पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "तेवढी पिन धर गं. तुझ्याइतकी कुणालाच जमत नाही ती."

एंजेलानं पदराला हात पुसले. टीव्ही भिंतीपासून ओढून घेतलेला, मागं सांद झालेली; चाळिशीच्या बाईला अवघड, पण गेली ती. गुडघे करकरले. टीव्हीची पाठ गरम व्हायला लागली होती, तोच करपल्या धुळीचा वास. तिनं पिन धरली, जराशी डावीकडं दाबली, जिथं ती बसते तिथं.

"आलं, आलं! हलू नको!"

आणि धून सुरू झाली. तिनं गाल टेकवला. एक पाऊल, दुसरं. अंगणातली ती हाक. टीव्हीपलीकडून रॉबिनच्या अंगठ्याचा खसखस आवाज आला. तो यादीत खाली चालला होता, घाईघाईनं, नेहमीसारखा. तिसरं पाऊल. चौथं. काय काय मनात येत होतं तिच्या! झालरी माझ्या म्हणून सांग त्या तुझ्या ग्रुपला. वहिनीच्या मांडीवरचा रिमोट दे इकडं. काचेची पेटी माझ्या हॉलमध्ये ठेव. पाचवं पाऊल उचललं गेलं.

एंजेलानं पिन सोडली.

"ए! एंजू! धर ना, रेकॉर्डिंग चालू आहे!"

"धरते," टीव्हीमागून तिचा आवाज आला. नेहमीपेक्षा जरा मोठा, पण शांत. अमृतनं कप खाली ठेवला. मोनिकानं मोबाईल खाली घेतला. रॉबिननं पहिल्यांदाच मान तिरकी करून टीव्हीच्या मागं पाहिलं, जिथं त्याची बहीण भिंतीला पाठ लावून बसली होती, पिन दोन बोटांत धरून.

"काय झालं गं?"

"दादा, आता यादी लागली की स्टार्ट दाबू नको. ती धून मला एकदा शेवटपर्यंत ऐकू दे."